त्रिपुरी, तिबेट आणि गूढ शब्दाचे वाचन

१

जबलपूरच्या पश्चिमेस, नर्मदेच्या काठी भेडाघाटच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. नाव चौसष्टांचे असले, तरी भोवतालच्या ओवरीतील देवकोष्ठांची संख्या ८१ मानली जाते. बहुतेक मूर्ती भंगलेल्या आहेत. परंतु अनेकींच्या पीठांवर त्यांची नावे कोरलेली आहेत आणि ती अद्याप वाचता येतात. श्रीकामदा, श्रीजाह्नवी, श्रीतेरम्वा अशी ती नावे. त्यांपैकी काही पुराणांतून परिचित आहेत, तर काहींचा अन्यत्र मागमूस लागत नाही. मूर्तीचे वाहन ओळखता येते, आयुधांचा तर्क करता येतो. मात्र या देवतांच्या मांडणीचा क्रम, त्यांची उपासना आणि त्या उपासनेचा अर्थ उलगडून सांगणारी संहिता या ठिकाणाशी जोडलेली राहिलेली नाही. दहाव्या-अकराव्या शतकांत ज्या राजसत्तेने हे मंदिर उभारले, त्या कलचुरींची राजधानी त्रिपुरी येथून जवळच, आजच्या तेवर गावी होती. तेवर आणि गोपाळपूर या परिसरातच अवलोकितेश्वर, तारा अशा बौद्ध देवतांच्या मूर्तीही सापडल्या आहेत. म्हणजे शैव आणि बौद्ध, या दोन्ही गूढमार्गांची माणसे एकाच नदीच्या काठाने वावरत होती.

याच दोन शतकांत हिमालयापलीकडे तिबेटमध्ये बौद्ध तंत्रग्रंथांची दुसरी मोठी आवक चालू होती. तेथे या ग्रंथांभोवती मठ उभे राहिले, वंश आणि घराणी नव्याने मांडली गेली, कालगणना बदलली, काव्यशास्त्र रुजले आणि अखेर राज्यसत्तेची घडीही त्यांच्या आधारे बसवली गेली. एकाच काळातील, परस्परांना अपरिचित नसलेल्या दोन समाजांपैकी एकात गूढ उपासना दगडात राहिली आणि दुसऱ्यात ती समाजाची रचना ठरली. हा भेद केवळ राजाश्रयाने किंवा परचक्राने समजावता येत नाही. त्याचे मूळ गूढ शब्दाचे वाचन कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या शिस्तीने केले या प्रश्नात शोधावे लागते. तो प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे, कारण दुर्बोध संहितेचे समाजात काय होते, हे त्यातून कळते.

२

त्रिपुरी आणि तिबेट यांना जोडणारा एक धागा तिबेटी चरित्रग्रंथांतच सापडतो. विक्रमशील महाविहाराचे आचार्य दीपंकर श्रीज्ञान, म्हणजेच अतीश, यांच्या चरित्रपरंपरेत अशी हकीकत येते की, पश्चिमेकडील कर्ण राजाने मगधावर स्वारी केली, तिच्यात विहारांची हानी झाली आणि काही उपासकांचा वध झाला. पुढे पारडे फिरले, पालराजा नयपाल याचे सैन्य वरचढ ठरू लागले, तेव्हा अतीशांनी कर्णाच्या पराभूत माणसांना आसरा दिला आणि दोन्ही पक्षांत तह घडवून आणला. हा कर्ण म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी नृपती लक्ष्मीकर्ण, असे इतिहासकार मानतात.

या कथेत एक कालिक अडचण आहे. अतीशांनी विक्रमशील सोडले ते १०४० मध्ये. कर्ण गादीवर आला तो सामान्यतः १०४१ मध्ये मानला जातो. तेव्हा ही स्वारी त्याने पिता गांगेयदेव हयात असताना युवराज म्हणून केली असावी, किंवा तिबेटी लेखकांनी पित्याच्या मोहिमेवर विख्यात पुत्राचे नाव घातले असावे, असे दोन पर्याय उरतात. कोणताही स्वीकारला तरी मूळ मुद्दा बाधित होत नाही. तिबेटी परंपरेला अतीशांच्या थोरवीचा दाखला द्यावासा वाटला, तेव्हा तिने मंत्रसिद्धीचा चमत्कार न निवडता शत्रूच्या जखमी माणसांना दिलेला आश्रय निवडला, आणि त्यासाठी त्रिपुरीच्या राजाला कथेत आणले. पुढे कर्णाची कन्या यौवनश्री हिचा विवाह नयपालाचा पुत्र तिसरा विग्रहपाल याच्याशी झाला. युद्ध, तह आणि सोयरीक या वाटांनी त्रिपुरीचा दरबार पूर्व भारतातील बौद्ध विद्यापीठांच्या जगाशी बांधला गेला होता.

सारनाथ येथील कलचुरी संवत् ८१० मधील, म्हणजे १०५८ चा, एक शिलालेख याच जगाची दुसरी बाजू दाखवतो. कर्णाच्या राज्यकाळात मामका नावाच्या महायानी उपासिकेने ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ लिहवून घेतली आणि ती भिक्षुसंघाला अर्पण केली, असे हा लेख सांगतो. याच ग्रंथाच्या तिबेटी अनुवादाचे त्या शतकात अतीश आणि लोचावा, म्हणजे अनुवादक, रिंचेन झांगपो (९५८–१०५५) यांनी पुनरीक्षण केले होते. एकाच दशकाच्या आगेमागे एकच ग्रंथ काशीजवळ पुण्यार्थ नकलला जात होता आणि पश्चिम तिबेटात शब्द न् शब्द तपासला जात होता. दोन्ही कृती श्रद्धेच्याच आहेत. परंतु नक्कल ग्रंथाला जतन करते, तर अनुवाद त्याला प्रश्न विचारतो. तिबेटी समाजाच्या घडणीचे रहस्य या दुसऱ्या क्रियेत आहे.

३

तिबेटने तंत्रग्रंथ डोळे मिटून स्वीकारले, असा समज प्रचलित आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. पहिल्या प्रसारकाळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, सम्राट ठिसोंग देचेनच्या आश्रयाने सम्ये येथे पहिला विहार उभा राहिला. शांतरक्षित आणि पद्मसंभव या दोन नावांभोवती त्या घटनेची स्मृती गुंफलेली आहे: एक न्यायशास्त्राचा आचार्य, दुसरा मंत्रसिद्ध. नवव्या शतकाच्या आरंभी राजाज्ञेने अनुवादाचे नियम ठरले आणि ‘महाव्युत्पत्ती’ हा संस्कृत-तिबेटी परिभाषाकोश सिद्ध झाला. त्याच नियमांत तंत्रग्रंथांवर विशेष निर्बंध होता. त्यांतील शब्द संकेताने वापरलेले असतात, ते न कळता वाच्यार्थाने आचरण केल्यास अनर्थ होतो, म्हणून अनुज्ञेशिवाय त्यांचा अनुवाद करू नये, असा त्याचा आशय होता. एका राज्याने शब्दाच्या लक्षणेची दखल कायद्यात घ्यावी, हे वाङ्मयाच्या इतिहासात विरळा दिसणारे दृश्य आहे.

८४२ मध्ये सम्राट लांगदर्मा मारला गेला, साम्राज्य फुटले आणि तो निर्बंधही सुटला. पुढील शतकभरात केंद्रसत्ता नसलेल्या तिबेटात तंत्रे गावोगावच्या मांत्रिकांच्या हाती गेली. दहाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडील गुगेचा राजा येशे-ओ याने त्यांना उद्देशून आज्ञापत्र काढले. ‘मुक्त करणे’ या शब्दाचा अर्थ जीव घेणे आणि ‘योग’ या शब्दाचा अर्थ केवळ संभोग असा करणाऱ्यांना त्याने धर्मभ्रष्ट ठरवले. त्यानेच रिंचेन झांगपो याच्यासारख्या तरुणांना काश्मीरकडे धाडले, थोलिंगचा विहार ९९६ मध्ये स्थापन केला आणि त्याच्या वंशजांनी अतीशांना आमंत्रण देऊन १०४२ मध्ये तेथे आणले. या निमंत्रणासाठी येशे-ओने बंदिवासात प्राण वेचले आणि सुटकेचे सोने आचार्यांसाठी राखले, ही कथा उत्तरकाळाची असावी. तथापि गुगेच्या सोन्याशिवाय हा विद्याव्यवहार चालला नसता, हे त्या कथेच्या तळाशी असलेले सत्य नाकारता येत नाही.

थोलिंग येथे अतीशांनी ‘बोधिपथप्रदीप’ रचला. अवघ्या सत्तरेक श्लोकांच्या या ग्रंथाचा संस्कृत मूळपाठ लुप्त आहे; तो तिबेटीतच वाचावा लागतो. त्यात साधकांचे अधम, मध्यम आणि उत्तम असे तीन अधिकार सांगितले आहेत, आणि ब्रह्मचारी भिक्षूंनी गुह्य व प्रज्ञा हे अभिषेक घेऊ नयेत, असा स्पष्ट निर्णय दिला आहे. तंत्र नाकारलेले नाही; त्याला विनयाच्या आणि करुणेच्या नंतरची पायरी दिली आहे. शिष्य द्रोमतोन (१००५–१०६४) याच्या कदम परंपरेने हीच क्रमव्यवस्था पुढे नेली, आणि साडेतीन शतकांनंतर चोंखापा (१३५७–१४१९) यांनी तिच्यावरच आपली रचना उभी केली. वाच्यार्थ आणि अभिप्रेतार्थ यांच्यातील अंतर हा तिबेटात सामाजिक व्यवस्थेचा प्रश्न झाला, तो असा.

४

मध्ययुगीन तिबेटच्या या नवजागरणाचे सर्वांत साक्षेपी विवेचन रोनाल्ड डेव्हिडसन यांनी केले. २००२ मध्ये भारतीय गूढ बौद्ध परंपरेचा सामाजिक इतिहास आणि २००५ मध्ये तिबेटी पुनरुज्जीवनाचा इतिहास, असे त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: गुप्तोत्तर भारतात सत्ता सामंतांच्या मंडलांत विखुरली, बौद्ध आचार्यांनी त्याच मंडलाचे रूपक उचलले, मध्यभागी बुद्ध सम्राट, भोवती सामंतस्थानी देवता आणि साधकाला राज्याभिषेकाच्या धर्तीवर अभिषेक. तिबेटात हे रूपक पोहोचले, तेव्हा खोनसारख्या कुळांनी त्याला आपले वाहन बनवले.

या प्रतिपादनाची कसोटी त्रिपुरीवर घेतली, तर त्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही दिसतात. कलचुरींचे राज्य खरोखरच मंडलाचे राज्य होते. पहिल्या युवराजदेवाने मत्तमयूर परंपरेतील शैवाचार्यांना बोलावून मठ दिले. आंध्रातील १२६१ च्या मलकापुरम् लेखात तर गोळकी मठाच्या सद्भावशंभू यांना त्याने तीन लक्ष गावे दिली, असे म्हटले आहे. आकडा अतिशयोक्त असला, तरी आचार्य आणि राजा यांच्या नात्याची कल्पना त्यातून येते. ‘गोळकी’ या नावाचा संबंध भेडाघाटच्या गोल मंदिराशी जोडण्याची सूचना विद्वानांनी केलेली आहे आणि तिच्यावर मतभेदही आहेत. कलचुरी-चेदी संवताचे लेख १९५५ मध्ये संपादित करणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी आणि १९५२ मध्ये त्रिपुरीचे उत्खनन करणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित या दोन मराठी संशोधकांच्या श्रमांमुळेच हे सारे जग अभ्यासकाला खुले झाले आहे.

परंतु रूपक आणि राज्य जेथे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, त्या त्रिपुरीत गूढमार्ग राजवंशाबरोबर मावळला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात कलचुरींची सत्ता संपली आणि मठांचा आधार गेला. उलट तिबेटात अकराव्या शतकात सम्राट नव्हता, सामंतांची उतरंड नव्हती; मंडल तेथे वास्तवाचे प्रतिबिंब नव्हते, तर वास्तवाचा आराखडा होते. ज्या समाजाला केंद्र नव्हते, त्याला केंद्राची कल्पना मंडलाने पुरवली. खोन कुळातील कोन्छोग ग्याल्पो याने १०७३ मध्ये साक्य मठ स्थापला. अधिकार काकाकडून पुतण्याकडे जाऊ लागला, आणि ब्रह्मचर्य व कुळपरंपरा एकत्र नांदण्याची युक्ती सापडली. साक्य पंडिताचा पुतण्या फग्पा (१२३५–१२८०) याने कुब्लाई खानाला हेवज्र तंत्राची दीक्षा दिली. परंपरा सांगते की, खाजगीत उपदेश घेताना गुरूचे आसन उंच असावे आणि राजसभेत खानाचे, असा तोडगा निघाला. आसनांच्या या वाटाघाटीत तिबेटच्या पुढील कित्येक शतकांचे राजकारण सामावले आहे. कर्म पाक्षी (१२०४–१२८३) यांच्यानंतर त्यांचा पुनर्जन्म म्हणून बालक रंगजुंग दोर्जे यास मान्यता मिळाली, तेव्हा कुळाचाही आधार अनावश्यक ठरला. गूढ सिद्धांत उत्तराधिकाराचा नियम झाला.

म्हणून डेव्हिडसन यांच्या सूत्राला एक पुरवणी जोडणे आवश्यक ठरते. समाजरचनेतून रूपक निघते, हे अर्धे सत्य आहे. स्थलांतरित रूपक नवी समाजरचना घडवते, हे उरलेले अर्धे. या घडणीची किंमतही होती. मठांची कुळे शेतात आणि कुरणांत राबत होती, आणि देवीरूपात पूजिलेल्या स्त्रीला गुरुपीठावर स्थान क्वचितच मिळाले. माचिग लाबद्रोन हे नाव अपवाद म्हणूनच सांगितले जाते.

५

साहित्याच्या बाजूने पाहिले, तर हा भेद अधिक उघड होतो. महाराष्ट्राशी नाते सांगणारा यायावर कुळातील राजशेखर हा प्रतिहारांच्या कनौजमध्ये आणि त्रिपुरीच्या युवराजदेवाच्या दरबारातही होता. त्याची ‘विद्धशालभंजिका’ त्रिपुरीशी निगडित आहे, आणि बिल्हारीच्या शिलालेखात त्याचा उल्लेख येतो. त्याच्याच प्राकृत ‘कर्पूरमंजरी’त भैरवानंद नावाचा कौल सिद्ध येतो. मद्य आणि स्त्री यांतच मोक्ष सांगणारा हा सिद्ध प्रेक्षकांना हसवतो, आणि तरीही नाटकातील नायिका त्याच्याच मंत्राने अवतरते. दरबाराला तांत्रिकाची गंमत वाटते, पण त्याच्या सामर्थ्याविषयी त्याची खात्री ढळलेली नसते. पुढच्या शतकात कृष्णमिश्राचे ‘प्रबोधचंद्रोदय’ आले. त्रिपुरीच्या कर्णाचा पराभव होऊन चंदेल कीर्तिवर्मा पुन्हा गादीवर आला, त्या प्रसंगाशी हे नाटक जोडलेले आहे. त्यात कापालिक हा बौद्ध भिक्षू आणि जैन क्षपणक यांना मद्याने आपल्या बाजूस ओढतो. येथे हास्य कडवट झाले आहे. दोन्ही नाटके गूढमार्गाला बाहेरून पाहतात. त्याचा शब्द उलगडावा, असे त्यांना वाटत नाही. त्यांना तो रंगमंचावर पुरेसा वाटतो.

तिबेटी साहित्याने हाच विषय आतून हाताळला. मिलारेपाचे चरित्र त्सांगन्योन हेरुकाने १४८८ च्या सुमारास, नायकाच्या मृत्यूनंतर साडेतीनेक शतकांनी लिहिले. तरी त्यातील समाज अकराव्या शतकाच्या तिबेटाचा बोध करून देतो. वडील वारल्यावर चुलता-आत्या जमीन बळकावतात, आई मुलाला जारणमारण शिकण्यास पाठवते, तो मंत्राने घर कोसळवून माणसे मारतो. येथे तंत्र म्हणजे वारसाहक्काच्या भांडणातील हत्यार आहे. पुढे गुरू मार्पा त्याच्याकडून बुरूज बांधवतो, पाडवतो, पुन्हा बांधवतो. पाठीवर दगडांच्या जखमा वागवणाऱ्या त्या शिष्याला दीक्षा मिळते, ती श्रमातून दोष झिजल्यावर. येशे-ओच्या आज्ञापत्रातील ‘मुक्त करणे’ या शब्दाचा वाद येथे कथानक झाला आहे: ज्याने वाच्यार्थाने माणसे मारली, त्याला त्या शब्दाचा दुसरा अर्थ देहाने शिकावा लागतो. टीकाकाराने या चरित्राकडे केवळ संतकथा म्हणून पाहिले, तर त्यातील अर्थमीमांसा निसटते.

अनुवादाच्या याच शिस्तीतून तिबेटी काव्यदृष्टीही घडली. साक्य पंडिताने (११८२–१२५१) दंडीचे काव्यशास्त्र तिबेटी विद्वानांपुढे ठेवले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात ‘काव्यादर्शा’चा संपूर्ण अनुवाद झाला, आणि पुढच्या शतकात ‘मेघदूत’ही तिबेटीत गेले. हेवज्राची दीक्षा देणाऱ्या मठाने अलंकारशास्त्रही शिकवावे, हा योगायोग नव्हे. सांकेतिक भाषा हाताळणाऱ्यांना लक्षणा-व्यंजनेची गरज इतरांहून अधिक असते. बुतोन (१२९०–१३६४) सारख्यांनी भारतीय मूळ नसलेली तंत्रे संशयास्पद ठरवली. त्याला उत्तर म्हणून न्यांगरेल न्यिमा ओझेर (११२४–११९२) यांच्यापासून बळावलेली ‘तेर्मा’, म्हणजे पुरून ठेवलेल्या ग्रंथांच्या शोधाची, परंपरा उभी होतीच. स्वतःची नवी रचना ‘सापडलेली’ म्हणून मांडण्यात परक्या मूळपाठाच्या वर्चस्वाविरुद्ध देशी प्रतिभेचा निषेध दडलेला आहे.

६

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. त्रिपुरीच्या परिसरातही ग्रंथ होते. गोळकी परंपरेतील सोमशंभूची अकराव्या शतकातील कर्मकांडपद्धती दक्षिणेत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. आक्षेप खरा आहे, आणि तो प्रतिपादनाला अधिक नेमके करतो. शैव ग्रंथ दक्षिणेस गेले, बौद्ध ग्रंथ उत्तरेस. नर्मदेकाठी राहिली ती वास्तू. ११५५ च्या भेडाघाट लेखात राणी अल्हणादेवीने शिवमंदिराबरोबर मठ आणि व्याख्यानशाला बांधल्याचे सांगितले आहे. त्या व्याख्यानशाळेत काय शिकवले जात असे, ते स्थानिक लोकभाषेत उतरले नाही. लोकभाषेचा आधार नसलेली विद्या आश्रयदात्याबरोबर स्थलांतर करते किंवा संपते.

मराठी वाचकाला या संदर्भात तिसरे उदाहरण घरातच सापडते. तिबेटी परंपरेने जपलेल्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या चरित्रांत मीनपा आणि गोरक्षपा आहेत. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती या मालिकेने तोच वारसा ज्ञानदेवांपर्यंत आला आणि १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’च्या रूपाने मराठीत प्रकट झाला. कानात सांगायचे ते ज्ञानदेवांनी श्रोत्यांच्या सभेत, सामान्यांच्या भाषेत उलगडले. तिबेटने गूढ शब्दाला मठ आणि शासन दिले. महाराष्ट्राने त्याला निरूपण दिले. दोन्हीकडे तो टिकला, कारण दोन्हीकडे तो वाचला गेला.

आणि जे भारताने विसरले, त्यातील बरेचसे या वाचकांनीच परत दिले. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये नेपाळात चर्यागीतांची पोथी मिळाली. तिच्या हरवलेल्या पानांवरील गीतांचा आशय तिबेटी अनुवादातून भरून काढता आला. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या यात्रांत शोधलेल्या पोथ्यांमध्ये, १४२९ मध्ये स्थापन झालेल्या ङोर मठातील एक ताडपत्र हस्तलिखित होते: विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी त्याचे संपादन केले व तो १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या संग्रहात सर्वाधिक उद्धृत झालेल्या कवींत राजशेखर आहे. त्रिपुरीच्या दरबारात तांत्रिकाकडे पाहून हसणाऱ्या कवीचे श्लोक तांत्रिक मठाच्या ग्रंथागाराने शतकानुशतके सांभाळले, आणि ते वाचून प्रकाशात आणण्याचे काम दोन मराठीभाषक विद्वानांच्या वाट्याला आले. भेडाघाटच्या ओवरीत उभ्या असलेल्या श्रीतेरम्वेच्या वाट्याला असे वाचक अद्याप आलेले नाहीत. तिच्या पीठावरील अक्षरे स्पष्ट आहेत.